गुत्त्यावर कोणाला पाठवायचे

माझ्या धाकट्या भावाशी मी नऊ वर्षे बोलले नव्हते. आईच्या आजारपणात त्याने तिच्या पाटल्या दारूसाठी विकल्या आणि त्या दिवसापासून मी त्याचे नाव टाकले. दर भाऊबिजेला कोणीतरी नातेवाईक फोन करून ‘रक्ताचे नाते आहे, तू मोठी आहेस, पोटात घाल’ असे सांगत असे आणि मी तितक्याच ठामपणे नाही म्हणत असे. त्या नकाराची मला आजही खंत नाही. मात्र त्या नऊ वर्षांत मी स्वतःची जी समजूत घालत आले, ती खोटी होती. एकाच बापाच्या दारूत आम्ही दोघे वाढलो, मी सावरले आणि तो वाहवत गेला, तेव्हा हा फरक स्वभावाचा आणि निग्रहाचा आहे, अशी ती समजूत होती.

आमचे बालपण इचलकरंजीत गेले. अण्णा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे कारागीर होते. गल्लीत दिवसरात्र मागांची खडखड चाले, त्यामुळे आमच्या घरातला आरडाओरडा सहसा बाहेर ऐकू जात नसे. वीज गेली की मात्र सगळे माग एकदम थांबत आणि आईचे रडणे चार घरांपलीकडे पोहोचे. आठवड्याच्या पगाराच्या दिवशी अण्णा वेळेवर आले नाहीत, तर उरलेले पैसे वाचवण्यासाठी त्यांना गुत्त्यावरून आणावे लागे. मी बारा वर्षांची होते, भाऊ आठ वर्षांचा. ‘पोरीच्या जातीला गुत्त्यावर कसं पाठवायचं?’ असे म्हणून आई त्याच्या हातात बॅटरी देई आणि मी आतली कडी लावून अभ्यासाला बसे.

गेल्या वर्षी भावजयीच्या आग्रहावरून मी व्यसनमुक्ती केंद्रातल्या कुटुंबीयांच्या बैठकीला गेले, तेव्हा पुढची हकीकत मला प्रथमच कळली. अण्णांचे सोबती त्याला बाकावर बसवून घेत, फुटाण्यांची पुडी त्याच्यापुढे करत आणि अण्णांचा ग्लास रिकामा होईपर्यंत तो तिथेच बसून राही. तेराव्या वर्षी पहिला घोट त्याने त्याच बाकावर घेतला. ‘आक्का, मला तिथं बरं वाटायचं. तिथं कोणी ओरडत नव्हतं,’ असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात दोषारोप नव्हता. बॅटरी मला आठवत होती. तो बाक मला ठाऊकच नव्हता.

अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९८ साली सतरा हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणाविषयीचा अभ्यास मांडायला सुरुवात केली. मारहाण, घरातले व्यसन, आईवर होणारा अत्याचार अशा चार किंवा अधिक प्रकारच्या आघातांतून गेलेल्यांमध्ये पुढे मद्यासक्ती, अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक आढळला होता. ते वाचताना घरातले आघात मी मोजले, तर ते आम्हा दोघांच्या वाट्याला सारखेच आले होते. बाक मात्र फक्त त्याच्या वाट्याला आला. माझ्या निर्व्यसनीपणाचे जे श्रेय मी इतकी वर्षे घेत होते, त्यातले बरेचसे आईच्या त्या एका वाक्याचे आहे.

मी सुटले, असेही नाही. माझे यजमान आयुष्यात कधी दारू प्यायलेले नाहीत, तरीही त्यांना यायला अर्धा तास उशीर झाला, तर मी आजही दारामागे उभी राहून जिन्यावरची पावले सरळ पडत आहेत का, ते ऐकते. व्यसनी माणसाच्या पत्नीचे दुःख आपल्याकडे आता ओळखले जाते. १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. भावंडांना मात्र सहसा कोणी विचारत नाही. पत्नीला त्याची दारू माहीत असते, पण ती दारू ज्या घरात रुजली, त्या घराचा दुसरा साक्षीदार भावंडाशिवाय कोण असणार? उपचारांच्या पहिल्याच आठवड्यात समुपदेशकांनी ‘भाऊबहिणी आहेत का, आणि बोलणे का थांबले?’ एवढे तरी विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मात्र विचारणे म्हणजे समेट लादणे नव्हे. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी नववी पायरी, आपण दुखावलेल्या माणसांची शक्य तिथे भरपाई करावी, असे सांगते. पण त्यामुळे त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल, तर नाही, हेही तीच पायरी सांगते. नातेवाईकांना हा उत्तरार्ध आठवत नाही. बाकाची हकीकत ऐकून माझा राग कमी झाला, परंतु पाटल्या त्याने विकल्या, अण्णांनी नव्हे, आणि आई गेली तेव्हा तिचे हात मोकळे होते. या दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी खऱ्या मानते.

त्याची दारू सुटून चौदा महिने झाले. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो आणि आम्ही दहा-पंधरा मिनिटे बोलतो, बहुतेक वेळा मुलांच्या शाळेविषयी. पाटल्यांचा विषय अजून दोघांपैकी कोणीही काढलेला नाही.