डोळे मिटून होणारं जाकीट

दिवाळीचा फराळ संपला की डब्याच्या तळाशी चिवड्याचं मीठ उरतं आणि माझ्या डोक्यात शिवणकाम. "यंदा गरम कपडे विकत आणायचे नाहीत," मी जाहीर करते. "माझ्याकडे बेतलेलं आहे सगळं. डोळे मिटून होईल."

आमचे हे त्यावर काही बोलत नाहीत. फक्त टीपॉयवरची आपली पुस्तकं उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवतात. तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतो.

पुण्याची थंडी अर्धवेळ नोकरी करते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली, आणि त्याच दिवशी दुपारी तिशीला टेकलेला. थंडी कमी असलेल्या मगरपट्ट्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीला तर शिवाजीनगरच्या वेधशाळेचा आकडा ही आम्ही पसरवलेली अफवा वाटते. हवामान खात्याचं ऑफिस १९२८ साली शिमल्याहून इथे आलं, त्या चौकाला आपण अजूनही शिमला ऑफिस चौकच म्हणतो. येताना त्यांनी दप्तरं आणली, यंत्रं आणली. थंडी तेवढी तिकडेच राहिली. अधूनमधून पार्सल येतं. सगळ्यात मोठं आलं १७ जानेवारी १९३५ ला, १.७ अंशांचं. त्या पहाटे ज्या कुणाचं जाकीट काजं-बटणांसकट तयार होतं, त्याला मी मनोमन नमस्कार करते. माझं त्या तारखेला अस्तराशी अडलेलं असतं.

तर माझ्याकडे तीन नमुने आहेत. कानटोपी, सासूबाईंची फ्लॅनेलची बंडी आणि माझं बिनबाह्यांचं जाकीट. कानटोपीबद्दल बोलण्यासारखं फार नाही. ती कशीही शिवली तरी घालणारा तसाच दिसतो. जीव आहे तो जाकिटात.

हा नमुना १९९१ सालचा, शिवणक्लासातला. ब्राऊन पेपरला पैसे कशाला, म्हणून बाईंनी आम्हाला वर्तमानपत्रावर बेतायला लावलं. त्यामुळे माझ्या पाठीवर 'वधू पाहिजे'चा रकाना आहे, डाव्या पुढ्यावर एक लुना विकाऊ आहे, आणि काखेजवळच्या मुंढ्याच्या गोलाईत एका मंगल कार्यालयाचा फोन नंबर अर्धा कापला गेलाय. त्या सगळ्यावर माझं अक्षर. छाती ३२. ते खोडून ३४. मग ३६, पुढे 'बाळंतपणानंतर' असा खुलासा. त्यापुढे मी आकडे लिहिणं सोडलंय. 'अर्धा इंच वाढव', त्याखाली 'आणखी अर्धा', त्याखाली नुसतंच 'बघून घे'. डॉक्टरांकडची फाईल हरवली तरी चालेल, हा कागद सांभाळायला हवा.

शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. हा शब्द ज्या शिंप्याला सुचला त्याच्या घरी बरीच माणसं असणार. "माया सोडा गं मुलींनो, माया! पुढे उसवायला लागते," बाई ओरडायच्या. मी पाव इंच सोडायचे. बाविसाव्या वर्षी कुणाला माया कळते?

कापड आणायला रविवार पेठेत गेले. वांगी रंगाचं कॉर्डरॉय बघताक्षणी आवडलं.

"काय शिवायचंय ताई?"

"जाकीट. पाऊण मीटर द्या."

"दीड लागेल."

"माझ्या कागदावर लिहिलंय पाऊण. जुना नमुना आहे."

"पन्हा चव्वेचाळीस इंचांचा आहे ताई, रुंदी कमी पडेल. शिवाय ह्याला लव असते."

आता लव, म्हणजे कापडावरचे ते बारीक उभे तंतू, मला माहीत नाही असं नाही. पण एकतीस वर्षांहून जुना नमुना घेऊन गेलेल्या बाईला गल्ल्यावरच्या पोराने लव शिकवावी? मी मोठ्या मनाने एक मीटर घेतलं. कात्री चालवताना त्याने ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने डॉक्टर 'त्रास झाला तर या परत' म्हणतात.

कागदावरचं पाऊण मीटर हे अठ्ठावन्न पन्ह्याच्या टेरीवूलचं होतं. हे मला घरी, फरशीवर कापड पसरून त्याला गुडघ्यांवर तीन प्रदक्षिणा घातल्यावर उमगलं. पाठ बसली, उजवा पुढा बसला, डावा पुढा चार बोटं कापडाबाहेर. मग मी तो उलटा फिरवला, खांदा खाली आणि घेर वर, तर शेजारच्या मुंढ्याच्या खोबणीत असा चपखल बसला की स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली. लव आठवली ती कापून झाल्यावर.

कॉर्डरॉयवरून एका दिशेने हात फिरवला तर मांजर, उलट फिरवला तर तेच मांजर रागावलेलं. लव वरच्या दिशेला असली की रंग गडद दिसतो, खालच्या दिशेला असली की फिका. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे असतात आणि म्हणूनच तो पोरगा दीड म्हणत होता. माझ्या जाकिटाचा डावा पुढा वांगं निघाला, आणि उजवा त्याच वांग्याचं भरीत.

"अगं, हे दोन रंगांचं मुद्दाम केलंयस?" ह्यांनी विचारलं.

"हो. फॅशन आहे."

"बरं." थोडं थांबून, "चहा टाकू का?"

लग्नात सप्तपदीऐवजी हे वाक्य म्हणायला हवं.

पण हे सगळं चालून जातं हो. खरी परीक्षा अस्तराची. जाकीट आणि अस्तर सुलट बाजू समोरासमोर ठेवून गळा, पुढच्या कडा आणि मुंढे यांना टीप मारायची, मग दोन्ही पुढचे भाग खांद्याच्या बोळकंडीतून ओढून पाठीकडून बाहेर काढायचे. सगळ्या शिलाया आत गडप होतात आणि जाकीट सुलट होऊन हातात येतं. हा शिवणकामातला चमत्कार आहे. फक्त तोवर काखेखालच्या बाजू जोडलेल्या नसाव्या लागतात. बाजू आधी जोडल्या की जाकिटाचा होतो नळा, आणि मुंढे काही केल्या असे उलटत नाहीत.

मी बाजू आधी जोडते. दरवेळी.

कारण कागदाला आकार माहीत असतो, क्रम माहीत नसतो. तो क्रम मला माहीत असायला हवा, आणि मला वाटतं की आहे. नवा नमुना असता तर वही उघडली असती, ओळीवर बोट ठेवून वाचत गेले असते. हा ओळखीचा, म्हणून आकाशवाणीवर नाट्यगीत लावलं आणि दोन्ही बाजूंना आनंदाने डबल टीप मारली. सुटायला नको म्हणून वर उलट शिलाईसुद्धा घातली.

मग अर्धा तास तो नळा हातात घेऊन बसले. बाही नसलेल्या जागेतून आत हात घातला, गळ्यातून बाहेर काढला, जाकीट पुन्हा उलटंच. एकदा तर माझं मनगटच अस्तरात अडकलं आणि दाराची बेल वाजली. कुरिअरवाल्याने डाव्या हाताची सही घेतली आणि काही विचारलं नाही.

उसवायला बसले तेव्हा कागद आवरू म्हणून पाठीचा तुकडा उचलला. मागच्या बाजूला, शेअर बाजाराच्या रकान्यावर, लाल शाईत माझंच अक्षर: 'बाजू आधी जोडू नकोस!!' खाली २००९. त्याच्याही खाली निळ्या शाईत: 'सांगितलं होतं ना?' खाली २०१६.

टाचण्या लावताना ती बाजू दरवेळी कापडाकडे जाते.

डबल टीप काळ्या दोऱ्याने मारलेली, कापड गडद, आणि माझा चष्मा जुन्या नंबरचा. त्यात आठवडा गेला आणि मध्ये सवाई गंधर्व संगीत महोत्सव आला. सवाई हे पुण्यातल्या गरम कपड्यांचं खरं प्रदर्शन. १९५३ पासूनचा महोत्सव. पूर्वी मैफली रात्रभर चालायच्या तेव्हा जाकिटांना काम होतं. आता बहुतेक दिवशी दहाला आटोपतं, तरी लोक पहाटेपर्यंत बसणार असल्यासारखे कपडे करून येतात. मी शाल गुंडाळून गेले. शालीला बाजू नसतात.

बंडीचं म्हणाल तर फ्लॅनेल आटतं म्हणून आधी भिजवून वाळत घातलं होतं. ते दोरीवरच राहिलं. सासूबाई दर दोन दिवसांनी विचारायच्या, "माझी बंडी यंदाची येतेय की मागच्या वर्षीची?" शेवटी त्यांनी तेच फ्लॅनेल दोरीवरून काढून गुडघ्यांना गुंडाळलं. म्हणाल्या, "राहू दे गं, मापात आहे."

जाकीट पूर्ण झालं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. घालून बघितलं. दुपारचे तीन वाजले होते, पंखा तीनवर होता. बसलं मात्र अगदी मापात. आरशात वांग्याकडून वळून भरताकडे पाहिलं तरी वाईट दिसत नव्हतं. डांबराच्या गोळ्या घालून ते सुटकेसमध्ये ठेवलं.

मग जाड स्केचपेन घेतलं आणि या वेळी कागदाच्या पुढच्या बाजूला, विकाऊ लुनाच्या बरोबर वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बाजू आधी जोडू नकोस. पन्हा बघ. तो म्हणेल तेवढं घे.' शाई वाळू दिली, आणि कागद जुन्या घडीवर नीट घातला. घडी आतल्या बाजूची आहे.