सेलेनियमच्या त्या फॉरवर्डबद्दल जरा खुलासा

कोथरूडातल्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की गर्भात बाळाची प्रोटीनं सेलेनियम या खनिजापासून बनतात म्हणून गरोदर बाईने रोज मूठभर ब्राझील नट खावेत, जितकं जास्त तितकं बाळ हुशार. अर्धं खरंय, म्हणूनच डोक्याला ताप.

सेलेनियम लागतंच. उंदरात ते प्रोटीनमध्ये बसवणाऱ्या टीआरएनएचा (प्रोटीन बनताना एकेक अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) जीनच काढून टाकला तर भ्रूण गर्भाशयात रुजायच्या सुमारासच मरतो. पण खाल्लेलं सेलेनियम थेट प्रोटीनला जाऊन चिकटत नाही हो, आधी ते मोडून त्याचं सेलेनाइड हे साधं संयुग होतं, मग टीआरएनएवर बसलेल्या सेरीन या अमिनो आम्लाचं तिथल्या तिथे सेलेनोसिस्टीन, म्हणजे सेलेनियमवालं अमिनो आम्ल, होतं, आणि आरएनएवर (जीनची नक्कल, जी वाचून प्रोटीन बनतं) यूजीए ही तीन अक्षरं आली, ज्यांचा अर्थ एरवी 'थांब', तरी रायबोसोम (प्रोटीन जोडणारं पेशीतलं यंत्र) न थांबता ते सेलेनोसिस्टीन जोडून पुढे सटकतो, आपल्याकडे लाल सिग्नलला करतात तसंच, फक्त इथे रीतसर परवानगी असते, आरएनएच्या शेवटाकडच्या सेसिस नावाच्या घडीची. माणसात अशी प्रोटीनं बनवणारे जीन जेमतेम २५, आणि गरज भागली की जास्त खाऊन ही प्रोटीनं वाढत नाहीत.

हुशारीचं तर सोडाच.

अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे गरोदरपणात दिवसाला ६० मायक्रोग्रॅम पुरे, कमाल मर्यादा ४००. सहा-आठ ब्राझील नटांतच साधारण ५४४ असतात! रोज इतकं गेलं तर केस गळू शकतात, नखं तुटू शकतात, तोंडाला लसणासारखा वास येऊ शकतो. मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यातही सेलेनियम असू शकतं, डबी उलटी करून बघा आणि डॉक्टरांना दाखवा.