मेणबत्तीच्या ‘डबी’वरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

मेणबत्तीच्या जुन्या दिव्यांवर आणि ते जमवणाऱ्यांवर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘मेणबत्ती ठेवायच्या डबीला यंत्र काय म्हणता, आणि रॉकेल आल्यावर हे सगळं भंगारात गेलं असं तुम्हीच लिहिता, मग भंगारावर पैसे उधळणाऱ्यांचं कौतुक कशाला?’ उत्तर जरा लांबेल, चालवून घ्या.

आधी माझी चूक. रॉकेल आल्यावर सगळं संपलं हे मी घाईत लिहिलं, ते साफ चुकीचं आहे. लंडनच्या सॅम्युअल क्लार्कचे ‘फेअरी लॅम्प’ म्हणजे काचेच्या घुमटातले मेणबत्तीचे छोटे दिवे, ते १८८० च्या दशकातले, तेव्हा रॉकेलचे दिवे घरोघर होते आणि विजेचा बल्बही आलेला होता. तरी लोक घेत होते, कारण बाळाच्या खोलीत रात्रभर मिणमिणता उजेड हवा असला की रॉकेलचा वास आणि काजळी कुणाला हवी?

पण डबी? नाही हो. मेणबत्तीची मुख्य अडचण म्हणजे ती जळेल तशी ज्योत खाली खाली जाते, आणि मागे आरसा किंवा पुढे भिंग लावलं असेल तर ज्योत एकाच उंचीवर राहायला हवी, नाहीतर उजेड भलतीकडेच पडतो. म्हणून घोडागाडीच्या दिव्यात मेणबत्ती नळीत घालायचे, खाली स्प्रिंग, वर मधे भोक असलेली टोपी, वात तेवढी बाहेर. वरचं मेण वितळलं की स्प्रिंग तेवढीच मेणबत्ती वर ढकलते, टोपी अडवते, ज्योत जागच्या जागी. आता यात चरबीची मेणबत्ती घाला, उबेने मऊ होऊन भोकातून बाहेर येईल! म्हणजे आधी कडक मेण हवं, आणि ते परवडेल असं स्टिअरिनमुळे, म्हणजे चरबीतून वेगळ्या काढलेल्या कडक भागामुळे मिळालं, त्याचं पेटंट शेव्रल आणि गे-ल्यूसॅक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२५ मध्ये घेतलं. वातही वेणीसारखी विणलेली लागते, ती जळताना वाकून ज्योतीच्या कडेला जाते आणि आपोआप जळून जाते, नाहीतर दर थोड्या वेळाने कोणीतरी कात्री घेऊन बसा.

उधळपट्टीचं म्हणाल तर थोडं खरंय. मी इथे इंग्लंडात एका जुन्या बाजारात फेअरी लॅम्प घेतला, बुडाला क्लार्कचं नाव आणि छडी घेतलेली परी, मी खूश. घरी येऊन बघतो तर घुमट भलत्याच दिव्याचा, बुडावर नीट बसेना, हलवलं की खडखडतो. जमवणारे लोक अशाला ‘मॅरेज’ म्हणतात, दोन अनोळखी तुकड्यांचं लावून दिलेलं लग्न. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे मला काय माहीत. अमेरिकेत खाणकामगारांच्या लोखंडी मेणबत्तीदाण्या असतात, एका टोकाला लाकडात ठोकायचा अणकुचीदार खिळा, शिवाय अडकवायचा आकडा, त्याही जमवणारे आहेत आणि ते लोहाराचे घाव बघून असली-नकली ठरवतात. मला एवढं जमत नाही, मी फसलोच.

तुमच्याकडे जुन्या वाड्यातली दिव्याची काचेची हंडी असेल तर मात्र फोटो पाठवा, झाकणीसकट.