नऊ लाखांचा निळा खांब

आज सकाळपासून तोच आलेख तिसऱ्यांदा समोर आला. डावीकडे उंच निळा खांब: भारतातले ९ लाख पुरुष प्राध्यापक. उजवीकडे बुटका: जपानमधले १ लाख ४० हजार. खाली ठळक अक्षरांत, जपान स्त्री-पुरुष समानतेत आपल्यापेक्षा किती पुढे! आणि शिकलेसवरलेले लोक हे धडाधड शेअर करतायत.

आकडे खोटे नाहीत, म्हणूनच जास्त चीड येते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात १५,९७,६८८ शिक्षक आहेत, त्यांत ५६.६ टक्के पुरुष. गुणाकार केला की ९ लाख येतातच. जपानची शालेय गणना दरवर्षी १ मे ही तारीख धरून होते. २०२१ मध्ये तिथल्या विद्यापीठांत सुमारे १ लाख ९० हजार पूर्णवेळ शिक्षक होते आणि त्यांत महिला साधारण २६ टक्के. म्हणजे दर १०० शिक्षकांत आपल्याकडे ५७ पुरुष, तिकडे ७४. अहो, बुटका खांबच जास्त पुरुषी आहे! उंच खांबावरून कळतं ते एवढंच, की तेव्हा आपल्याकडे विद्यार्थी ४ कोटी ३३ लाख होते आणि तिथल्या विद्यापीठांत २९ लाख.

बरं, मोजमाप तरी सारखं आहे का? तेही नाही. आपल्या ९ लाखांत विद्यापीठांच्या जोडीला ४५ हजार महाविद्यालयं आणि पदविका देणाऱ्या १२ हजार स्वतंत्र संस्था येतात. जपानच्या आकड्यात फक्त विद्यापीठं. तिथली दोन-तीन वर्षांची तान्की दायगाकु, तंत्रशिक्षणाची कोसेन, व्यवसायशिक्षणाची सेम्मोन गाक्को यांची गणना वेगळ्या तक्त्यांत असते. जुळवायचंच असेल तर दोन्ही देशांचे युनेस्कोच्या शिक्षणस्तरांच्या वर्गीकरणातले ५ ते ८ हे स्तर, म्हणजे पदविकेपासून पीएचडीपर्यंतचे, घ्या. पदवी आणि त्यापुढचंच हवं असेल तर ६ ते ८. एकीकडे पदविका धरायची आणि दुसरीकडे सोडायची, हे चालणार नाही.

ठीक आहे, महाविद्यालयं आणि पदविका संस्था बाजूला काढल्या की आपला ५७ चा आकडाही हलेल. मान्य. पण मग हलवून दाखवा ना, खांब कसले उभे करता!

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अर्धवेळ शिक्षकांत. जपानच्या अहवालात दोन रकाने असतात. होन्मुशा म्हणजे त्याच संस्थेत मुख्य नोकरी असलेले, केन्मुशा म्हणजे बाहेरून येऊन तास घेणारे. केन्मुशांची संख्या पूर्णवेळांच्या जवळपास आहे, आणि तीन विद्यापीठांत तास घेणारा माणूस तिथे तीनदा मोजला जातो. म्हणून या दोन रकान्यांची बेरीज करायची नसते. डोकी मोजायची की कामाच्या तासांवरून पूर्णवेळ-समतुल्य (अर्ध्या वेळेचे दोघे मिळून एक) काढायचं, हे आधी ठरवायचं असतं.

हे लिहिताना राग जरा ओसरला, कारण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारी माणसं डोळ्यांपुढे आली. त्या निळ्या खांबात ती असली तर कायम नोकरीतल्या प्रोफेसरएवढीच जागा व्यापतात, नसली तर नसतातच. कोणत्या रकान्यात पडायचं हे त्यांच्या हातात कुठे असतं?

आणि पदांचं काय? जपानमध्ये २०२१ साली क्योजु, म्हणजे प्रोफेसर, या पदावर महिला पाचांत एकसुद्धा नव्हती. आपल्याकडेही प्रोफेसर पदाशी पोचेपर्यंत महिलांचा वाटा घसरतो. पुरुषांचं खरं वजन कुठे आहे ते इथे दिसतं, आणि आलेखात नेमकं हेच नाही.

निव्वळ संख्या लागते, नाही असं नाही. पगाराची तरतूद, पदभरती, निवृत्तीचा अंदाज यांना तीच हवी. पण समानतेसाठी नाही.

तो आलेख ज्यांनी शेअर केलाय त्यांनी कृपया काढून टाका. दोनच खांब हवे असतील तर ५७ आणि ७४ चे काढा, आणि प्रत्येकाखाली वर्ष, कोणत्या संस्था धरल्या आणि अर्धवेळ धरले की नाही, एवढं लिहा.