७,५ वर लाल फुली

आज एका युक्रेनियन मुलीचा गणिताचा पेपर बघितला आणि डोकं सणकलं. वय १३, इंग्लंडच्या शाळेत आठवीला. पहिलं उत्तर: १५ : २ = ७,५. त्यावर लाल फुली. अहो, तिकडे भागाकाराचं चिन्ह दोन टिंबं असतं आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात! खालचं शाब्दिक उदाहरण कोरं, त्यावर शेरा 'प्रयत्न नाही'. आणि एवढ्यावरून पोरगी सगळ्यात खालच्या सेटमध्ये, म्हणजे गणितात कच्च्या मुलांच्या गटात.

वर आपल्याच पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "या निर्वासितांच्या मुलांचे फार लाड चाललेत." कसले लाड?

हिशेब करा. या युक्रेनियन कुटुंबांना ब्रिटनचा व्हिसा आधी ३ वर्षांचा, त्याला पहिली मुदतवाढ १८ महिन्यांची. झाली साडेचार वर्षं. मैदानात भांडण्यापुरतं इंग्रजी दोनेक वर्षांत येतं. 'कारणे द्या' लिहिण्याइतकं यायला ५ ते ७ वर्षं लागतात. घरी इंग्रजी नसलेल्या मुलांमागे शाळेला जादा निधी मिळतो तो पहिली ३ वर्षंच, आणि तो भाषेवरच खर्चावा असं बंधन नाही. कुठल्या मुलाला किती इंग्रजी येतं याची पाच पायऱ्यांची नोंद सरकारने २०१६ मध्ये शाळांकडून घ्यायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये बंदही केली. आता ज्या शाळेला वाटेल ती ठेवते. मग स्टाफरूममध्ये "जातीलच परत दीड वर्षात" म्हणायला मोकळे.

मान्य, वर्गात ३० मुलं असतात आणि बाईंना दोनच हात. पण मी सांगतेय त्याला पैसे फारसे लागत नाहीत.

पहिल्या आठवड्यात गणिताची चाचणी मुलाच्याच भाषेत घ्या. नवीन धड्याच्या आदल्या दिवशी २० मिनिटं काढून त्यातले ६ ते ८ शब्द चित्रासकट शिकवा, आणि नुसते वाचून घेऊ नका, वाक्यात मोठ्याने म्हणायला लावा. विज्ञानाला वाक्याचा सांगाडा द्या: "... वाढवलं तर ... कमी होतं, कारण ...". आधी तोंडी, मग लेखी. या २० मिनिटांसाठी मुलाला गणिताच्या किंवा खेळाच्या तासातून उचलू नका. तेवढ्याच तासांना ते इतरांच्या बरोबरीने असतं. टॅबलेटवर अख्खा धडा भाषांतर करून देणं हा तर सोयीचा आळस. मूल युक्रेनियन वाचत बसतं आणि इंग्रजीसाठी कान बंद होतात. सुरुवातीला दोन मिनिटं विषय कळण्यापुरता टॅबलेट ठीक, मग बाजूला. पहिले काही महिने मूल गप्प राहील. राहू दे. ऐकत असतं ते.

आणि खालचा सेट? तिथे गणित सोपं होतं, इंग्रजी नाही. अपूर्णांक, समीकरणं येणाऱ्या मुलीला पुन्हा बेरजा देऊन तुम्ही तिला शिकवताय काय? अंश-छेद मराठीत पक्के करून न्यूमरेटर-डिनॉमिनेटरला अडखळलेली मुलं आपल्या प्रत्येकाच्या घरात होती. त्यांना कुणी ढ म्हटलं असतं तर आपण शाळेत जाऊन भांडलो असतो.

फुली मारणाऱ्या बाईंवर राग नाही खरं तर. दोन टिंबांचं त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. एका पानाचा तक्ता पुरतो: कोणत्या देशात भागाकार कसा लिहितात, दशांश कसा, १ आणि ७ कसे काढतात. स्टाफरूमच्या भिंतीवर चिकटवला की झालं.

ते कोरं उदाहरण असं होतं: २० पौंडांची नोट, २.४५ च्या तीन वह्या, 'चेंज' किती? तिच्या कोशात 'चेंज' म्हणजे 'बदल' एवढंच. कशात बदल, कोणी केला, काय लिहिणार बिचारी? दुपारी तेच तिला युक्रेनियनमध्ये दिलं. पेन खाली ठेवायला मिनिटही लागलं नाही. १२,६५. स्वल्पविरामासकट.