खोडदच्या दुर्बिणीने परग्रहवासीयांचा आवाज ऐकलेला नाही

जानेवारी २०२३ मध्ये एक बातमी सर्वत्र छापून आली होती. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, या दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला रेडिओ संकेत टिपला, अशी ती बातमी होती. ती खरी होती. मॅकगिल विद्यापीठाचे अर्णब चक्रवर्ती आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे निरुपम रॉय यांनी ते संशोधन रीतसर प्रसिद्ध केले होते. मात्र तिला मोबाइलवर जे फाटे फुटले, ते आजही अधूनमधून पुढे पाठवले जातात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: संकेत नेमक्या एकाच वारंवारतेवर आला, म्हणून तो कोणीतरी पाठवलेला असला पाहिजे, शास्त्रज्ञांनी तो ‘ऐकला’, म्हणजे तो चांगलाच जोरकस होता, वेगवेगळ्या दुर्बिणींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणजे तेजाचे आकडे मनाचे आहेत, संकेताची सांगितलेली ‘३० पट वाढ’ ही तर उघड हातचलाखी आहे, आणि मूळ नोंद दडवून ठेवली आहे.

निम्मा घोळ ‘संकेत’ या शब्दानेच घातला आहे. मराठीत संकेत कोणीतरी कोणाला तरी देत असतो. रेडिओ खगोलशास्त्रात मात्र ‘सिग्नल’ म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा वेगळे काढता आलेले काहीही, मग ते पाठवणारा वायूचा एखादा ढग का असेना.

आता वारंवारतेचा मुद्दा. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की १४२०.४ मेगाहर्ट्झ वारंवारतेचा, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा, रेडिओ तरंग बाहेर पडतो. हे भाकीत डच खगोलशास्त्रज्ञ हेंड्रिक फान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले आणि १९५१ मध्ये हार्वर्ड येथे यूएन व पर्सेल यांनी हा तरंग प्रत्यक्ष टिपला. एकट्या अणूला त्यासाठी सरासरी सुमारे एक कोटी वर्षे वाट पाहावी लागते, परंतु दीर्घिकेत अणूंची वानवा नसते. विश्वाच्या प्रसरणामुळे प्रवासात हा तरंग ताणला जातो. या दीर्घिकेची ताम्रच्युती, म्हणजे तरंगलांबीत मूळ लांबीच्या किती पट भर पडली याचे माप, सुमारे १.२९ असल्यामुळे २१ सेंटिमीटरचा तरंग पृथ्वीवर ४८ सेंटिमीटरचा होऊन, म्हणजे सुमारे ६२० मेगाहर्ट्झवर, पोहोचला. ही ताम्रच्युती दृश्य प्रकाशाच्या वर्णपटावरून आधीच ठाऊक होती, त्यामुळे कोठे पाहायचे हेही ठाऊक होते आणि रेषा, म्हणजे वर्णपटातला हायड्रोजनचा उंचवटा, तेथेच सापडली. ज्या पाहुण्याच्या गाडीची वेळ आपल्याला आधीच माहीत असते, तो वेळेवर उतरला यात गूढ काही नाही.

शिवाय ‘नेमकी एकच वारंवारता’ हे वर्णनही चुकीचे आहे. दीर्घिका स्वतःभोवती फिरत असते. तिचा एक भाग आपल्याकडे येत असतो, दुसरा दूर जात असतो, आणि त्यामुळे रेषा पसरते. ६२० मेगाहर्ट्झवर सेकंदाला १०० किलोमीटर एवढ्या वेगाच्या फरकाने रेषा सुमारे २ लाख हर्ट्झ रुंद होते. माणसाच्या अंतराळयानाची वाहक लहर, म्हणजे जिच्यावर संदेश चढवून पाठवतात ती, याच्या तुलनेत केसासारखी बारीक असते. म्हणजे ज्या वर्णपटाला कृत्रिमतेचा पुरावा म्हटले जाते, तोच फिरणाऱ्या वायूची साक्ष देतो.

हा मोह नवा नाही, आणि तो फक्त सामान्य वाचकांनाच झाला असेही नाही. १९६० च्या दशकात सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ निकोलाय कार्दाशेव यांनी सीटीए १०२ या रेडिओ स्रोताचा वर्णपट विलक्षण वाकडा असल्याने तो कृत्रिम असू शकेल असे सुचवले. १९६५ मध्ये शोलोमित्स्की यांनी त्याचे तेज बदलत असल्याचे सांगितले आणि ‘तास’ या सोव्हिएत वृत्तसंस्थेने ती बातमी जगभर नेली. त्याच वर्षी मार्टिन श्मिट यांनी त्या स्रोताची ताम्रच्युती १.०३७ असल्याचे दाखवले. तो एक क्वासार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचा तेजस्वी गाभा, निघाला. असा बाक कशामुळे येतो, हेही आता नीट समजलेले आहे: स्रोत अगदी आटोपशीर असेल तर कमी वारंवारतेचे तरंग तो स्वतःच शोषून घेतो.

‘ऐकला’ आणि ‘जोरकस’ या शब्दांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, एक हिशेब पुरे. रेडिओ स्रोताचे तेज जान्स्की या एककात मोजतात. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला, दशांश चिन्हानंतर २५ शून्ये देऊन लिहिलेल्या १ इतके वॉट. समजा, चंद्रावर कोणी २०० किलोहर्ट्झ रुंदीचा टूजी मोबाइल एक वॉट शक्तीने सर्व दिशांना चालू ठेवला, तर त्याच्या पट्ट्यात तो पृथ्वीवरून सुमारे २७० जान्स्कीचा स्रोत दिसेल, म्हणजे आकाशातल्या बहुतेक सर्व स्रोतांपेक्षा तेजस्वी. विज्ञानदिनाला खोडदला गेलो असताना प्रवेशापूर्वीच मोबाइल बंद करायला लावले, तेव्हा रांगेतल्या काहींना ती उगाच शिस्त वाटली होती. हा गुणाकार त्यांना तेथेच दाखवायला हवा होता. खोडदची ४५ मीटर व्यासाची एक डिश एक जान्स्कीच्या स्रोताकडे वळवली, तर तिच्या मापात, जे तापमानाच्या एककात देतात, केल्व्हिनचा जेमतेम तिसरा हिस्सा भर पडते, आणि यंत्रणा व आकाश यांची मिळून खरखर असते १०० केल्व्हिनच्या आसपास. कानाने ऐकण्यासारखे त्यात काहीही नसते. ३० डिशांतून आलेल्या विद्युतदाबांचा जोडी-जोडीने गुणाकार करून, तासन्‌तास बेरीज करत राहिल्यावर खरखर हळूहळू खाली जाते. ती निम्मी करायची तर चौपट वेळ द्यावा लागतो.

खरा विचार करण्याजोगा आक्षेप आकड्यांविषयीचा आहे, कारण त्यातले निरीक्षण बरोबर आहे आणि निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. खोडदच्याच दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या सर्वेक्षणात एखाद्या स्रोताचे तेज ४.८ जान्स्की दिलेले असते आणि अमेरिकेच्या व्हेरी लार्ज ॲरे या दुर्बिणीच्या १४०० मेगाहर्ट्झवरील सर्वेक्षणात तोच स्रोत १ जान्स्कीचा दिसतो. वरवर पाहिले तर हा पाचपट घोटाळा वाटेल. वास्तविक चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन वारंवारता वाढते तसे कमी होत जाते, आणि बहुसंख्य स्रोतांमध्ये हा उतार सुमारे उणे ०.७ घाताचा असतो. १५० आणि १४०० यांचे गुणोत्तर त्या घाताला चढवून पाहावे, उत्तर ४.८ च्या जवळ येते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि त्यांच्यातला फरक हेच तर मोजायचे होते.

यानंतरही उरणारे फरक असतात आणि ते लपवण्याचे कारण नाही. विखुरलेल्या डिशांची दुर्बीण फार पसरट स्रोताचे काही तेज गमावते, कारण सर्वांत जवळच्या दोन डिशांमधील अंतर ज्या आकारापर्यंत पाहू देते त्याच्या पलीकडचे तिला दिसत नाही. काही क्वासारांचे तेज खरोखरच महिन्यागणिक बदलते. आणि सर्वांत चिवट प्रश्न मोजपट्टीचाच आहे. दुर्बीण स्वतःहून जान्स्की सांगत नाही. तिला आधी एखाद्या ठाऊक असलेल्या स्रोताकडे पाहावे लागते. म्हणून निरीक्षणाच्या सुरुवातीला किंवा शेवटी दहा-पंधरा मिनिटे ३सी ४८ किंवा ३सी २८६ या प्रमाणस्रोतांना दिली जातात. श्यामशबल तारकासमूहातला ३सी २८६ हा १.४ गिगाहर्ट्झवर सुमारे १५ जान्स्कीचा आणि बऱ्यापैकी स्थिर आहे. मग त्याचे तेज कोणी ठरवले? १९७७ मध्ये बार्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या मापश्रेणीचा मोठा आधार शर्मिष्ठेतला कॅसिओपिया ए हा स्रोत होता. तो स्फोट झालेल्या ताऱ्याचा अवशेष असल्याने दरवर्षी एका टक्क्याच्या आतबाहेर मंद होत जातो, म्हणजे तराजूतले वजनच झिजणारे! ती झीज हिशेबात धरावी लागली. पुढे पर्ली आणि बटलर यांनी मंगळाच्या औष्णिक उत्सर्जनाचा आधार घेऊन श्रेणी सुधारली आणि २०१७ मध्ये ती ५० मेगाहर्ट्झपासून ५० गिगाहर्ट्झपर्यंत नेली. तिची अचूकता तीन ते पाच टक्क्यांची आहे. कमी वारंवारतांवर वेगवेगळ्या श्रेणींमधील फरक आणखी जाणवतो, म्हणूनच शोधनिबंधात कोणती श्रेणी वापरली हे लिहावे लागते. सोनाराकडच्या काट्याची सवय असलेल्याला पाच टक्के ढोबळ वाटतील. पण मनाचे आकडे देणारा माणूस स्वतःच्या त्रुटीची टक्केवारी छापत नाही.

‘३० पट वाढ’ हा मुद्दा त्यामानाने सोपा आहे. आपण आणि ती दीर्घिका यांच्या मध्ये दुसरी एक जड दीर्घिका आहे आणि तिच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वळून तिचे दिसणारे क्षेत्र मोठे झाले आहे. असे गुरुत्वीय भिंग १९७९ पासून प्रत्यक्ष ठाऊक आहे. ही वाढ संशोधकांनी संगणकावर केलेली नाही, ती तरंगांच्या वाटेतच झाली. शिवाय भिंग वारंवारता बदलत नाही. त्यामुळे रेषा कोठे आहे या प्रश्नाला ३० या आकड्याने काहीच बाधा येत नाही. बाधा येते ती वायूच्या वस्तुमानाला. त्या दीर्घिकेतील अणुरूप हायड्रोजन तिच्या ताऱ्यांच्या जवळपास दुप्पट वजनाचा असल्याचे सांगितले गेले आणि हा आकडा भिंगाच्या प्रतिमानावर अवलंबून आहे. वायू ताऱ्यांपेक्षा जास्त पसरलेला असेल, तर त्याची वाढ वेगळी निघेल. शंका घ्यायचीच असेल तर या ठिकाणी घ्यावी. रेषा खरखरीच्या सुमारे पाचपट आहे, हेही लक्षात ठेवावे: शोध म्हणून ती मान्य होण्याजोगी आहे, गडगडाट मुळीच नाही.

राहिला दडवादडवीचा आरोप. खोडदच्या दुर्बिणीवर जगभरातील खगोलशास्त्रज्ञ अर्ज करून वेळ मिळवतात आणि ठरावीक मुदत संपली की त्यांची मूळ निरीक्षणे संग्रहातून इतरांनाही खुली होतात. ती उघडणाऱ्याला आवाजाची फीत मिळणार नाही. डिशांच्या प्रत्येक जोडीचे, प्रत्येक वारंवारतेचे आणि प्रत्येक काही सेकंदांचे आकडे मिळतील, आणि त्यांतून ६२० मेगाहर्ट्झजवळची ती बुटकी टेकडी वर काढायला पुन्हा ३सी ४८ किंवा ३सी २८६ पासूनच सुरुवात करावी लागेल.