आजींची मिश्री, काकूंची कवळी आणि डिमेन्शिया

नमस्कार काका (वय बाहत्तर असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते),

हिरड्यांचा आजार आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) यांची लेखात सांगड घालून मी म्हाताऱ्या माणसांना घाबरवते, डेंटिस्टांची दुकानं चालवते, असं तुमचं म्हणणं. पुरावा म्हणून तुमची आजी: जन्मभर मिश्री लावली, पन्नाशीत तोंडाचं बोळकं झालं, तरी नव्वदीत सगळ्या गावाचं देणंघेणं तोंडपाठ.

असेल की! धोका वाढतो म्हणजे प्रत्येकाला गाठतोच असं कुठे आहे? न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गटाने 2021 मध्ये 14 अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात चौतीस हजारांवर माणसं होती. दात पडलेल्यांना डिमेन्शियाचा धोका 1.28 पट दिसला. कवळी लावणाऱ्यांत मात्र तो फरक ठळक नव्हता.

तुमच्या बाजूचा खरा मुद्दा तुम्ही मांडलाच नाहीत. डिमेन्शिया निदानाच्या कितीतरी वर्षं आधीपासून चोरपावलांनी येतो. दात घासायचे राहून जातात. मग आधी काय गेलं, दात की स्मृती? त्यात तंबाखू दोन्हीकडे नुकसान करते, आणि मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच.

हिरड्यांतला जंतू मेंदूत सापडल्याचा 2019 चा शोधनिबंध व्हॉट्सॲपवर अजून फिरतो. त्या जंतूवरच्या औषधाची 643 रुग्णांवर चाचणी झाली. 2021 मध्ये निकाल आला, स्मृतीची घसरण थांबली नव्हती. हे फॉरवर्ड कुणी करत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या यादीत डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी 14 कारणं आहेत, त्यात हिरड्या नाहीत.

मग लिहिलं कशाला? डिमेन्शिया झालेल्या माणसाच्या तोंडात कुणी डोकावत नाही म्हणून. दाढ ठणकतेय हे त्याला सांगता येत नाही. तो ताट सरकवतो, भरवणाऱ्याचा हात झटकतो, आणि घरचे म्हणतात, हट्टी झालेत. वरणभाताचा घास गालात तासभर तसाच असतो. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुफ्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. जपानमधल्या 11 वृद्धाश्रमांत प्रत्येक जेवणानंतर दात घासून दिले, आठवड्याला दातांच्या तज्ज्ञाकडून सफाई करवली. दोन वर्षांत न्यूमोनिया 11 टक्के जणांना झाला. नेहमीसारखं चालू ठेवलेल्या गटात 19 टक्के. माझ्या लेखी सगळ्यात भक्कम पुरावा हा, आणि तो स्मृतीबद्दल नाहीच.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की काकू रात्री कवळी काढू देत नाहीत. समोर बसून आधी तुमची कवळी काढून दाखवा, वाटी त्यांच्या हातात द्या. बघून बघून पुष्कळदा जमतं. काढली की टाळू लाल आहे का ते टॉर्चने बघा. लाल असेल तर डेंटिस्टकडे न्या. (नाही हो, कमिशन नाही.) नाहीच म्हणाल्या तर ओढाताण नको, अर्ध्या तासाने पुन्हा विचारा.